बिझनेस क्लासचं तिकीट काढताय? आधी सीट पाहा

दोन वर्षांपूर्वी वहिनीचे दिवस भरत आले, तेव्हा दादाने आईबाबांना अमेरिकेला बोलावलं. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. पंधरा तास खुर्चीत अवघडून बसणं तिला जमणार नाही, म्हणून दादाने साठवलेल्या पैशांतून बिझनेस क्लासची तिकिटं काढली. आई बडोद्यात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगत होती, ‘‘आता काय, झोपून जायचं!’’

विमानात मात्र वेगळंच घडलं. सीट आम्ही कुणीच निवडल्या नव्हत्या. विमान कंपनीने दिल्या त्या घेतल्या. आई खिडकीशी, बाबा दोन रांगा मागे. आईच्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ. जेवण झालं, दिवे मालवले आणि त्यांनी सीट आडवी करून पाय पसरले. आईला टॉयलेटला जायचं तर त्यांचे पाय ओलांडूनच जावं लागणार होतं. नव्या गुडघ्यांना ते शक्य नव्हतं आणि झोपलेल्या माणसाला उठवायला तिला संकोच वाटला. तिने साधा उपाय केला. पाणी पिणंच बंद केलं. उतरली तेव्हा पाय इतके सुजले होते की चपला चढत नव्हत्या.

सीट आडवी होत होती, जेवण उत्तम होतं, कर्मचारी नम्र होते. चूक आमची होती. आम्ही क्लास विकत घेतला, सीट पाहिलीच नाही.

आज मुलं परदेशात असलेल्या अनेक घरांत हाच प्रश्न येतो. कुणी आईवडिलांसाठी तिकीट काढतं, कुणी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला स्वतःसाठी. एवढे पैसे आयुष्यात एक-दोनदाच खर्च होतात. म्हणून तिकिटाच्या किमतीआधी काय पाहायचं, हे समजून घ्या.

नाव एक, सीट अनेक

बिझनेस क्लास म्हणजे ठरावीक दर्जाची सीट, असा तुमचा समज असेल तर तो आधी दूर करा. एकाच विमान कंपनीच्या दोन विमानांत बिझनेस क्लासच्या सीट अगदी वेगळ्या असू शकतात आणि तिकिटावर मात्र दोन्हीकडे ‘बिझनेस’ एवढंच लिहिलेलं असतं.

एअर इंडियाचंच पाहा. तिच्या ए३५०-९०० विमानात बिझनेस क्लासच्या २८ सीट आहेत आणि प्रत्येक सीटला सरकता दरवाजा आहे. बोईंग ७८७-८ च्या मूळच्या जुन्या रचनेत मात्र दोन-दोन सीट जोडून आहेत, दरवाजा नाही. एमिरेट्सच्या ए३८० मध्ये वरच्या मजल्यावर प्रत्येक प्रवाशाला थेट वाटेवर उतरता येतं. त्याच कंपनीच्या ज्या बोईंग ७७७ विमानांचं नूतनीकरण झालेलं नाही, त्यांत तीन सीटच्या मधली सीटही बिझनेस क्लासमध्येच मोडते. लुफ्थान्साने २०२४ मध्ये ‘अलेग्रिस’ नावाच्या नव्या सीट आणल्या, पण जुन्या सीटची विमानंही अजून उडताहेत.

म्हणून कंपनीचं नाव पाहून थांबू नका. विमान कोणतं आणि त्यातली सीट कोणती, हे दोन्ही पाहा.

आकडे वाचायला शिका

सीटची मांडणी तीन आकड्यांत सांगतात. खिडकीपासून खिडकीपर्यंत एका रांगेत किती सीट आहेत आणि वाट कुठे आहे, हे त्यावरून कळतं.

१-२-१ : खिडकीशी एक, मध्ये दोन, पलीकडच्या खिडकीशी एक. इथे प्रत्येक सीट वाटेला लागून असते. कुणालाही ओलांडावं लागत नाही. लांबच्या प्रवासाला हीच मांडणी सर्वांत चांगली.

२-२-२ : खिडकीशी बसलेल्याला शेजाऱ्याला ओलांडून जावं लागतं. पण मधल्या जोडीकडे लक्ष द्या. तिथल्या दोघांनाही आपापल्या बाजूला वाट असते. अशा विमानात जावं लागलंच तर मधली जोडी घ्या.

२-३-२ : मधल्या तिघांत मधला माणूस दोन्हीकडून अडकतो. खिडकीवाल्यांचीही तीच गत. वाटेकडची सीट मिळाली तरच घ्या.

बिझनेस क्लासमध्ये पूर्ण आडवी होणारी सीट ब्रिटिश एअरवेजने २००० च्या सुमारास आणली, तेव्हा तिचं केवढं कौतुक झालं होतं. पण त्या मांडणीतही काही प्रवाशांना शेजाऱ्याच्या पायांवरून पाऊल टाकून बाहेर यावं लागे. २०१९ मध्ये त्याच कंपनीने १-२-१ मांडणीची, दरवाजाची नवी सीट आणायला सुरुवात केली. आडवं होता येणं पुरेसं नसतं, उठून जाताही आलं पाहिजे, हे कंपन्यांनाही अनुभवातूनच कळलं.

जोडीने जाताय की एकटे?

१-२-१ मांडणी आहे म्हटल्यावर निर्धास्त होऊ नका. त्यातही फरक असतात. काही विमानांत सीट एकाआड एक पुढेमागे सरकवलेल्या असतात. एका रांगेतली सीट खिडकीला चिकटून असते आणि वाटेच्या बाजूला टेबल येतं. पुढच्या रांगेत टेबल खिडकीशी आणि प्रवासी वाटेशी. सीट मॅपवर दोन्ही खिडकीच्याच सीट दिसतात, पण पहिल्या सीटवर आडोसा मिळतो, तर दुसऱ्या सीटवर झोपलेल्या माणसाच्या खांद्याला येणारा-जाणारा आणि ट्रॉली घासून जाते.

उदाहरणार्थ, एमिरेट्सच्या ए३८० मध्ये ‘ए’ आणि ‘के’ या सीट खिडकीला चिकटून आहेत, तर ‘बी’ आणि ‘जे’ वाटेशी आहेत. मधल्या सीटमध्ये ‘ई’ आणि ‘एफ’ शेजारी-शेजारी आहेत, तर ‘डी’ आणि ‘जी’ यांच्या मध्ये टेबलांची जागा आहे. नवराबायको ‘डी’ आणि ‘जी’वर बसले तर एकमेकांशी बोलण्यासाठी वाकावं लागेल. दोन अनोळखी माणसं ‘ई’ आणि ‘एफ’वर आली तर दोघांनाही अवघडल्यासारखं होईल.

एकटी स्त्री प्रवास करत असेल तर खिडकीला चिकटलेली सीट सर्वांत निवांत. जोडीने जात असाल तर मधल्या जवळच्या दोन सीट घ्या. चौघांचं कुटुंब असेल तर कतार एअरवेजची २०१७ मध्ये आलेली ‘क्यूस्वीट’ ध्यानात ठेवा. तिच्यात मधल्या चार सीटच्या आतल्या भिंती सरकवून समोरासमोर बसता येतं. मात्र यात काही सीटचं तोंड विमानाच्या शेपटीकडे असतं. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, पण गाडीत उलटं बसल्यावर ज्यांना मळमळतं, त्यांनी पुढे तोंड असलेली सीट निवडावी.

रांग कोणती घ्यावी?

* पहिली रांग : भिंतीला लागून असलेल्या या रांगेत अनेक विमानांत पाय ठेवायला जास्त रुंद जागा असते. इतर रांगांत पाय पुढच्या सीटखालच्या अरुंद कप्प्यात जातात. उंच माणसाला, कुशीवर झोपणाऱ्याला आणि पायांना सूज येणाऱ्याला पहिली रांग सोयीची. पण बाळाचा पाळणा बहुधा याच भिंतीवर लावतात. म्हणजे शेजारी तान्हं बाळ असण्याची शक्यताही इथेच जास्त.

* गॅली आणि टॉयलेटजवळची रांग : गॅली म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर. तिथे रात्रभर कप्पे उघडतात-मिटतात, दिवा जळतो, कर्मचारी बोलत असतात. झोप सावध असेल तर निदान दोन रांगा दूर बसा.

* शेवटची रांग : मागे पातळ भिंत आणि तिच्यापलीकडे दुसरा क्लास. सीट मॅपवर ही रांग शांत वाटते, पण पलीकडचा आवाज इथे येतो.

* पंखांजवळची रांग : हवेत धक्के बसतात तेव्हा पंखांजवळ ते कमी जाणवतात. पोटात गोळा येणाऱ्यांनी तिथे बसावं. इंजिनाच्या पुढच्या भागात आवाज कमी असतो.

विमानाचा प्रकारही महत्त्वाचा आहे. बोईंग ७८७ आणि एअरबस ए३५० या विमानांत आतल्या हवेचा दाब साधारण ६,००० फूट उंचीवरच्या हवेइतका राखतात. जुन्या विमानांत तो ८,००० फुटांपर्यंतच्या उंचीसारखा असू शकतो. नव्या विमानांतली हवाही तितकी कोरडी नसते. लांबच्या प्रवासानंतर डोकं जड होणं, घसा कोरडा पडणं यात फरक जाणवतो.

आईवडिलांसाठी आणि बाळासाठी

वयस्कर माणसांसाठी सीट निवडताना खिडकीबाहेरचं दृश्य दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिला प्रश्न एकच विचारा : रात्री दोन वाजता, कुणालाही न उठवता, त्यांना टॉयलेटला जाता येईल का? चार तासांहून जास्त एका जागी बसून राहिलं तर पायाच्या नसेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. नुकतंच ऑपरेशन झालेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना तो अधिक असतो. त्यांनी पाणी पीत राहायला हवं, अधूनमधून उठून चालायला हवं. निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यायला हवा.

गुडघ्याचा त्रास असेल तर टॉयलेटपासून तीन-चार रांगांवरची सीट पाहा. आवाजही नको आणि चालही जास्त नको. व्हीलचेअर बिझनेस क्लासच्या तिकिटासोबत आपोआप मिळेल असं धरून चालू नका. तिकीट काढतानाच तशी नोंद करून घ्या.

तान्हं बाळ सोबत असेल तर पाळण्याची सीट फोन करून मागा. काही बिझनेस क्लास सीटच्या पट्ट्यात एअरबॅग असते. बाळाला मांडीवर घेऊन तिथे बसण्याचे नियम वेगळे असू शकतात, तेही आधी विचारा.

तिकीट काढण्यापूर्वी, काढल्यानंतर

१. विमानाचा प्रकार पाहा. तिकिटाच्या तपशिलात तो दिलेला असतो. एकाच मार्गावर दिवसात दोन फ्लाइट असतील आणि भाडं सारखं असेल, तर ज्यात १-२-१ मांडणी आहे ती घ्या. दोन-तीन तास उशिरा निघालात तरी बिघडत नाही.

२. विमान कुणाचं, ते पाहा. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं, असं अनेकदा असतं. ‘ऑपरेटेड बाय’पुढे जे नाव असेल, त्या कंपनीची सीट तुम्हाला मिळणार.

३. सीटचा खरा नकाशा पाहा. कंपनीच्या सीट मॅपवर सगळे चौकोन सारखेच दिसतात. ‘एअरोलोपा’सारख्या साइटवर सीट, खिडकी, गॅली नेमक्या कुठे आहेत, हे प्रमाणात काढलेलं असतं.

४. सीट लगेच निवडा. बिझनेस क्लासमध्ये सीट निवडणं नेहमी मोफत असतंच असं नाही. ब्रिटिश एअरवेजसारख्या कंपन्या आधी सीट निवडण्याचे पैसे घेतात. स्विस आणि लुफ्थान्सा काही खास सीटसाठी जास्त रक्कम आकारतात. भाड्यांची तुलना करताना हा खर्चही धरा.

५. पुन्हा तपासा. विमान बदललं की निवडलेली सीटही बदलू शकते. तिकीट काढल्यावर, आठवडाभर आधी आणि चेक-इन सुरू होताच, असं तीनदा पाहा. नको ती सीट आली असेल तर लगेच फोन करा. विमानतळावर पोहोचेपर्यंत पर्याय उरत नाहीत.

दोन्ही बाजूंचं भाडं परवडत नसेल तर जी फ्लाइट रात्रीची आहे, तीच बिझनेस क्लासने करा आणि दिवसाची साध्या सीटवर. तिकीट जाऊन-येऊन एकत्र काढलं तर भाडं कसं बदलतं, तेही ताडून पाहा. साठवलेल्या पॉइंट्सवर किंवा बोली लावून अपग्रेड मिळत असेल तर ‘हो’ म्हणण्यापूर्वी कोणत्या सीट शिल्लक आहेत ते पाहा. दोन सीटच्या जोडीत खिडकीशी अडकून बसण्यापेक्षा प्रीमियम इकॉनॉमीतली वाटेकडची सीट काही जणांना जास्त मानवेल.

परतीच्या वेळी

चार महिन्यांनी आईबाबा परत निघाले. तिकीट आधीच काढलेलं होतं. तीच कंपनी, तेच विमान, तीच २-२-२ मांडणी. या वेळी दादा महिनाभर आधी सीट मॅप उघडून बसला. मधल्या जोडीतल्या दोन सीट मोकळ्या होत्या. त्याने त्या घेतल्या. त्यासाठी वेगळा पैसा पडला नाही.

पहाटे मुंबईच्या विमानतळावर मी घ्यायला गेले होते. आई व्हीलचेअरवरून स्वतः उठून उभी राहिली. पायात चपला होत्या. नातीचे फोटो दाखवण्याआधी तिने मला सांगितलं, ‘‘अगं, या वेळी चांगलं पोटभर पाणी प्यायले. तीनदा उठले, कुणाला कळलंसुद्धा नाही.’’