हेमाडपंतांच्या नावावर चढलेली देवळे

खानदेशात चुन्यावाचून रचलेले काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले की ते हेमाडपंतांनी बांधले असे सांगण्याचा, आणि सांगणारा भाविक असल्यास ते एका रात्रीत उभे राहिले अशी पुस्ती जोडण्याचा प्रघात आहे. हेमाडपंत म्हणजेच हेमाद्री पंडित हे थोर पुरुष होते यात संशय नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या पदरी ते श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचे मुख्य अधिकारी होते. परंतु चाळीसगाव तालुक्यातील वाघळीच्या शिलालेखात शके ९९१, म्हणजे इ. स. १०६९, हा काळ कोरलेला असून तेथील शिवालयाचे श्रेय यादवांचा मांडलिक गोविंदराज मौर्य याच्याकडे जाते; त्या वेळी हेमाद्रींच्या कारभाराला सुमारे दोनशे वर्षांचा अवकाश होता. त्याच तालुक्यात, सातमाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या पाटण येथील शके १०७५ चा लेख तर एका रात्रीच्या कथेचे स्पष्ट निराकरण करतो. निकुंभ वंशातील इंद्रराजाने महादेवाचे देऊळ आरंभिले, तो मृत्यू पावला, पुत्र अज्ञान असल्यामुळे राणी श्रीदेवीने राज्यकारभार सांभाळला, आणि ते काम पुत्र गोवन याच्या काळात तडीस गेले. या राणीचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत नसावे याचे मला मनापासून वाईट वाटते. धुळे जिल्ह्यातील बळसाणे येथील मंदिरसमूहही घडणीवरून हेमाद्रींच्या पूर्वीचाच ठरतो.

एका नावाखाली अनेक शतकांचे कर्तृत्व झाकले जावे, हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. युरोपातील मध्ययुगीन चर्चच्या ज्या शैलीला गॉथिक म्हणतात तिच्याशी गॉथ टोळ्यांचा काहीही संबंध नव्हता. पॅरिसजवळच्या सँ दनी येथील मठाधिपती सुजेर याने ११४४ मध्ये पूर्ण करविलेल्या पूर्वभागापासून तिचा उदय मानतात, आणि ते नाव पुढे प्रबोधनकाळच्या इटालियन लेखकांनी तुच्छतेने दिले.

दुसरा समज असा की चुना नाही, म्हणजे दगडावर दगड नुसता ठेवलेला आहे, आणि खरी कमान नाही, म्हणजे स्थपतींची विद्या तोकडी होती. या देवळांच्या मंडपात उभे राहून वर पाहावे. चार तुळयांच्या चौकटीवर कोपऱ्यांत त्रिकोणी शिळा आडव्या बसवून आत लहान, तिरपा चौकोन साधलेला असतो, त्यावर पुन्हा तशीच रचना, आणि शेवटची मोकळी जागा कमळ कोरलेल्या एकाच शिळेने मिटवलेली असते. सांधे इतके तासून बसविलेले, आणि जागोजागी खाच व कुसू यांनी इतके अडकविलेले असतात की चुन्याची गरजच उरत नाही. भार सरळ खाली खांबांवर उतरतो, भिंतींना बाहेर ढकलीत नाही. या पद्धतीत विस्तीर्ण सभागृह मिळत नाही, खांब जवळजवळ घ्यावे लागतात, ही तिची मर्यादा खरी. उलट युरोपातील टोकदार कमानीने उंची आणि प्रकाश मिळविला, पण तिचा बाहेरचा रेटा आवरण्यासाठी भिंतींबाहेर धिरे उभारावे लागले. आणि एवढे करूनही फ्रान्समधील बोव्हे येथील चर्चचे सुमारे ४८ मीटर उंचीचे छत १२८४ मध्ये कोसळले. दोन्हीकडच्या कारागिरांनी आपापल्या प्रश्नाची उकल केली. त्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविणे मला अप्रस्तुत वाटते.

अशी धर्मस्थाने केवळ राजाच्या खजिन्यावर चालत, हाही समज तपासून घ्यावा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी स्थापिलेल्या मठाचा, शके ११२८ च्या सुमाराचा लेख डॉ. भाऊ दाजी यांनी पाटण येथेच उजेडात आणला. त्याच्या अखेरच्या ओळी संस्कृत सोडून तत्कालीन मराठीत उतरतात, आणि त्यांत दाने नोंदविली आहेत ती बाजारपेठेची: पाटणच्या पेठेत माल उघडला की ग्राहकाकडून राजाला येणारे उत्पन्न मठाला, ग्राहकाकडून पाच सुपाऱ्या, आणि गावात जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी पळी तेल.