संगणकाची प्रक्षेपण शक्ती आणि पिकाआड हरवणारा संदेश

उसाची लागण झाल्यानंतर शेतातील ओलावा संवेदकांच्या नोंदी कार्यालयातील संगणकावर नियमितपणे येत असतात. ऊस पुरुषभर उंच होतो, पाण्याची गरज वाढते आणि नेमक्या त्याच काळात नोंदी तुटक येऊ लागतात. संवेदक बिघडला असे समजून तो बदलला जातो किंवा अंदाजाने पाणी दिले जाते. प्रत्यक्षात अनेकदा संवेदक सुस्थितीत असतो. शेतातील राउटर आणि संगणक यांच्यामधील वायफाय दुवा क्षीण झालेला असतो. अशा वेळी संगणकाच्या वायफाय कार्डाची प्रक्षेपण शक्ती वाढवावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो कितपत उपयोगी आहे, हे जाणून घेणे आवश्यक आहे.

शक्तीचे गणित

ही शक्ती मिलिवॅट किंवा डीबीएम या एककात मोजतात. १० डीबीएम म्हणजे १० मिलिवॅट, तर २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॅट. दर ३ डेसिबल वाढीमागे शक्ती सुमारे दुप्पट होते. परंतु मोकळ्या जागेत पल्ला दुप्पट होण्यासाठी ६ डेसिबल, म्हणजे चौपट शक्ती लागते. ५० मिलिवॅटचे १०० मिलिवॅट केले, तरी पल्ला जेमतेम १.४ पट होतो. दाट पिकात तेवढाही लाभ मिळत नाही, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पानांतील पाण्यात शोषल्या जातात. पावसाने भिजलेल्या पिकात ही हानी आणखी वाढते.

दुवा दुतर्फा असतो

वायफायमध्ये संदेश मिळाल्याची पोच संगणकाला परत पाठवावी लागते. शेतातील राउटरची शक्ती जास्त आणि लॅपटॉपची कमी असेल, तर पडद्यावर संकेताच्या रेघा भरपूर दिसतात. पण लॅपटॉपची पोच राउटरपर्यंत जात नाही आणि तोच संदेश पुनःपुन्हा पाठवला जातो. शक्ती वाढवल्याने केवळ एका बाजूचा आवाज मोठा होतो. चांगला अँटेना मात्र पाठवणे आणि ऐकणे, दोन्ही सुधारतो. म्हणून खर्च करावयाचाच असेल, तर तो प्रथम अँटेना आणि त्याची उंची यांवर करावा.

अँटेना किती उंच असावा, याचाही हिशेब आहे. २०० मीटर अंतराच्या दुव्याला मध्यभागी सरळ रेषेभोवती सुमारे दीड मीटर मोकळी जागा हवी. ऊस ३ मीटर उंच असेल, तर दोन्ही टोकांचे अँटेना साडेचार ते पाच मीटरवर असणे हितावह ठरते. ही उंची लागणीच्या वेळीच, पूर्ण वाढलेले पीक डोळ्यांसमोर ठेवून ठरवावी.

संगणकावर काय तपासावे

प्रथम संकेताची पातळी पाहावी. उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून बलवान संकेत बहुतेक कामांना पुरेसा असतो. उणे ८० च्या आसपास दुवा भरवशाचा राहत नाही. त्यानंतर विंडोज संगणकात ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ‘नेटवर्क अ‍ॅडाप्टर्स’मधील वायफाय कार्डाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जावे. तेथील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या भागात अनेक कार्डांना ‘ट्रान्समिट पॉवर’ हा पर्याय असतो. तो बहुधा आधीपासूनच सर्वोच्च पातळीवर असतो. कोणी कमी केला असेल, तर पूर्ववत करावा. काही कार्डांत हा पर्याय नसतो. लॅपटॉप बॅटरीवर चालत असताना वीजबचतीमुळेही दुवा मंदावतो. त्यासाठी ‘पॉवर ऑप्शन्स’मधील वायरलेस अ‍ॅडाप्टरची सेटिंग ‘मॅक्झिमम परफॉर्मन्स’वर ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर पातळी वहीत नोंदवावी.

शक्ती कमी करणेही कधी योग्य ठरते. एकाच सभागृहात अनेक लॅपटॉप राउटरजवळ असतील, तर मध्यम पातळी पुरते. शेजारच्या जाळ्यांना होणारा अडथळा घटतो आणि बॅटरीचीही काही बचत होते.

नियमांची मर्यादा

भारतात २००५ च्या नियमांनुसार २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त आहे. मात्र अँटेनाच्या वाढीसह प्रभावी उत्सर्जन ४ वॅटच्या मर्यादेत असले पाहिजे. अधिक शक्ती मिळावी म्हणून उपकरणात दुसऱ्या देशाची निवड करणे हा त्यावरील उपाय नव्हे. त्यातून नियमभंग होऊ शकतो आणि दुव्याची मूळ अडचण तशीच राहते.

विस्तार कार्यकर्त्यांनी संवेदक बसवताना शेतकऱ्यांना पिकाची उंची, अँटेनाची उंची आणि संकेताची पातळी यांची एकत्रित नोंद ठेवण्यास सांगावे. नोंदी थांबल्या की याच क्रमाने तपासणी करावी आणि सर्वांत शेवटी संवेदक बदलण्याचा विचार करावा. ऐन गरजेच्या दिवसांत पाण्याचा निर्णय अंदाजावर सोडण्याची वेळ मग क्वचितच येईल.