'फेअर' : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थविस्तार आणि मराठी प्रतिशब्दांचा प्रश्न

इंग्रजी विशेषणे शिकविताना एका शब्दापुढे एक प्रतिशब्द लिहून देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. 'फेअर' ह्या विशेषणापुढे बहुधा 'गोरा' हा शब्द लिहिला जातो. हाच विद्यार्थी 'रास्त भाव दुकान' ही पाटी वाचतो, शाळेत 'रफ' वहीतला मजकूर 'फेअर' वहीत उतरवतो आणि परीक्षेतील गैरमार्गांना 'अनफेअर मीन्स' म्हणतात हेही त्याला ठाऊक असते. परंतु ह्या सर्व ठिकाणी एकच विशेषण आहे, ही जाणीव त्याला क्वचितच करून दिली जाते. ह्या शब्दाचे विविध अर्थ परस्परांशी कसे जोडलेले आहेत आणि मराठी प्रतिशब्दाची निवड कोणत्या निकषावर करावी, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

'फेअर' हा शब्द जुन्या इंग्रजीतील 'फॅगर' ह्या शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ 'सुंदर, मनोहर' असा आहे. (जत्रा ह्या अर्थाचे 'फेअर' हे नाम लॅटिन 'फेरिआ'पासून आलेले असल्याने त्याचा येथे संबंध नाही.) 'डोळ्यांना निर्मळ दिसणारे' ह्या कल्पनेतून निरभ्र हवेचा आणि खाडाखोड नसलेल्या प्रतीचा अर्थ निघाला. 'आचरणात निर्मळ' ह्या कल्पनेतून निःपक्षपातीपणाचा अर्थ आला. वर्णवाचक अर्थ मात्र तुलनेने उशिरा, सुमारे सोळाव्या शतकापासून स्थिरावला. उजळ वर्ण म्हणजे सौंदर्य, ही समाजाची समजूत शब्दाच्या अर्थात उतरली. शेक्सपिअरच्या १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या सुनीतांपैकी १२७व्या सुनीतापासून पुढे 'काळी' आणि 'फेअर' ह्या शब्दांमधील ताण हाच कवितेचा एक विषय झालेला दिसतो. त्या ताणाची जाणीव नसेल, तर ती सुनीते अर्धीच समजतात.

मूळ अर्थ विसरला म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण बालवाङ्मयात सापडते. 'हिमगौरी आणि सात बुटके' ह्या नावाने आपल्याकडे परिचित असलेली कथा ग्रिम बंधूंच्या १८१२च्या संग्रहातील आहे. राणी आरशाला विचारते तो प्रश्न जर्मन मूळात 'सर्वांत सुंदर कोण' असा आहे. इंग्रजी रूपांतरात तेथे 'फेअर'चे अतिशयवाचक रूप आले, तेही सौंदर्याच्याच अर्थाने. मराठीत 'सर्वांत गोरी कोण' असे भाषांतर केले, तर राणीचा मत्सर रूपाऐवजी रंगाशी जाऊन चिकटतो. आपल्या संतवाङ्मयात विठ्ठलाचे रूप सावळे आहे आणि सुंदरही आहे. त्या दोन विशेषणांत मराठी भक्तकवीला विसंगती वाटली नाही. अशा परंपरेतील विद्यार्थ्याच्या मनात सौंदर्य आणि गोरेपणा ह्यांचे समीकरण एका शब्दार्थाच्या वाटेने रुजविणे हितावह नाही. १९७५ साली भारतीय बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध प्रसाधनाच्या नावातून हे विशेषण २०२० साली वगळण्यात आले, ह्यावरून ह्या अर्थाचे सामाजिक वजन लक्षात येईल.

अर्थनिश्चितीसाठी वर्गात दोन कसोट्या उपयोगी पडतात. पहिली विरुद्धार्थी शब्दाची. वर्णाच्या अर्थी विरुद्ध शब्द 'डार्क', हवेच्या अर्थी 'फाउल', प्रतीच्या अर्थी 'रफ' आणि न्यायाच्या अर्थी 'अनफेअर'. 'अनफेअर' म्हणजे सावळा असा अर्थ कधीच होत नाही. दुसरी कसोटी विशेष्याची. 'फेअर' केस गोरे नसतात, ते सोनेरी वा फिकट रंगाचे असतात. 'फेअर' संधी म्हणजे पुरेशी वा समान संधी. गुणांकनातील 'फेअर' हा शेरा 'चांगला' ह्याच्या खालचा असून त्याला आपला 'बरा' हा शब्द नेमका जुळतो. 'फेअरली' ह्या क्रियाविशेषणाचेही असेच दोन अर्थ आहेत. 'फेअरली' वागविणे म्हणजे न्यायाने वागविणे, तर 'फेअरली' मोठा म्हणजे बऱ्यापैकी मोठा.

न्यायवाचक अर्थासाठी मराठीपाशी एक नव्हे, अनेक शब्द आहेत. फारसीतून आलेला 'रास्त' हा भाव आणि मागणी ह्यांना लागतो. अरबी 'वाजिब'पासून आलेला 'वाजवी' हा भाडे, खर्च, किंमत ह्यांना शोभतो. वर्तन वा निर्णय 'उचित' असतो, वाटणी 'न्याय्य' असते आणि निवडणूक वा चौकशी 'निःपक्षपाती' असते. इंग्रजीत जे काम एक विशेषण करते, ते मराठीत विशेष्यानुसार वाटले गेले आहे. ही संपन्नताच कधीकधी अडचण होते. जॉन रॉल्स ह्यांनी १९५८च्या निबंधात 'जस्टिस'ची कल्पना 'फेअरनेस'च्या आधारे मांडली. तिचे भाषांतर 'न्याय म्हणजे न्याय्यता' असे केले, तर ती निव्वळ पुनरुक्ती होते. तेथे 'रास्तपणा' वा 'निःपक्षता' असा वेगळा शब्द योजावा लागतो.

ह्या निवडीचे परिणाम वर्गाबाहेरही होतात. उसाच्या दरासाठी पूर्वी 'वैधानिक किमान' ही संज्ञा होती. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात २००९ साली दुरुस्ती होऊन तिच्या जागी 'रास्त व किफायतशीर दर' ही संज्ञा आली. 'किमान' हा शब्द केवळ तळाची मर्यादा सांगतो. 'रास्त' म्हटले की उत्पादनखर्च, जोखीम आणि नफा ह्यांचा हिशेब मागण्याचा अधिकार सूचित होतो. १९४८ साली नेमलेल्या रास्त वेतन समितीच्या विवेचनातही हाच भेद आहे : रास्त वेतनाची खालची मर्यादा किमान वेतनाची, तर वरची मर्यादा उद्योगाच्या देण्याच्या क्षमतेची. ह्याउलट 'रास्त भाव दुकान' लोकांच्या तोंडी 'स्वस्त धान्य दुकान' झाले. 'स्वस्त' ह्या शब्दाने ग्राहकाच्या पदरी सवलत पडते. 'रास्त' ह्या शब्दात त्याचा हक्क व्यक्त होतो.

तेव्हा 'फेअर' शिकविताना सुट्या प्रतिशब्दापेक्षा विशेष्यासह जोड्या द्याव्यात. 'सुंदर' हा मूळ अर्थ प्रथम सांगावा, न्यायवाचक अर्थ त्यानंतर विस्ताराने यावा आणि 'गोरा' हा अर्थ त्याच्या मर्यादेसह शेवटी नोंदवावा. विद्यार्थ्यांसाठी तयार होणाऱ्या द्विभाषिक कोशांतही हाच क्रम स्वीकारला, तर 'रास्त', 'वाजवी', 'उचित' ह्या आपल्याच शब्दांमधील सूक्ष्म भेदही विद्यार्थ्याच्या ध्यानी येतील.