पिंजऱ्यातून येणारी हाक

२०२२ च्या ऑगस्ट महिन्यात पुण्याच्या खडकी पोलीस ठाण्यात एक वेगळीच तक्रार आली. शिवाजीनगर भागातील एका ज्येष्ठ नागरिकांचे म्हणणे होते की, शेजाऱ्याचा पोपट सतत ओरडतो, शिट्ट्या मारतो आणि त्याचा त्रास होतो. पोपट दुसरीकडे हलवा, असे सांगायला गेले तर वाद झाला, असेही तक्रारीत होते. पोलिसांनी अदखलपात्र गुन्हा नोंदवला. त्याआधी २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्यात तर खुद्द पोपटालाच ठाण्यात हजर केले गेले. त्याला आपल्याला शिव्या द्यायला शिकवले आहे, अशी एका वृद्ध बाईंची तक्रार होती. ठाण्यात मात्र त्या पोपटाने चोच उघडली नाही. शेवटी त्याला वन विभागाच्या स्वाधीन करण्यात आले.

या बातम्या आपण हसत हसत वाचतो. पण ज्यांच्या घरात असा पक्षी आहे त्यांना हसू येत नाही. तान्हे बाळ दचकून उठते, रात्रपाळी करून आलेल्या माणसाची झोप मोडते, शेजारीण दारात येऊन उभी राहते. मग घरातच दोन तट पडतात. मुले म्हणतात राहू द्या, मोठे म्हणतात देऊन टाका.

आमच्या मावळात पक्षी पाळणारी घरे बरीच आहेत. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव, कुठेही जा, एखाद्या गॅलरीत पिंजरा टांगलेला दिसतोच. पूर्वी त्यात हिरवा मिठ्ठू असायचा. आता बहुतेक ठिकाणी बजरी किंवा कॉकटील असतात. (बाजारात ज्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात तो बहुतेक वेळा बजरीच असतो. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, बजरी ऑस्ट्रेलियातला. विकणाऱ्याला त्याचे काही सोयरसुतक नसते.) कॉकटीलही मूळचा ऑस्ट्रेलियाचाच, काकाकुवाच्या कुळातला. डोक्यावर तुरा आणि गालावर नारिंगी ठिपका असलेला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण अनेक चांगल्या घरांना ती ठाऊक नसते. आपला देशी हिरवा पोपट, तोईपोपट किंवा पहाडी पोपट पाळणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यांना संरक्षण दिले आहे आणि १९९०-९१ पासून भारतीय पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे. रस्त्यावर कोणी पिशवीत झाकून पिल्लू दाखवले तर दया म्हणूनही विकत घेऊ नका. तुम्ही एक घेतले की तो दुसरे काढायला पुन्हा झाडावर चढतो. घरात आधीपासून असा पोपट असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारावे. गॅलरीतून परस्पर उडवून देऊ नये.

पक्षी इतका का ओरडतो, हे समजायला पिंजऱ्याकडे नव्हे, रानाकडे पाहावे लागते. भात पिकू लागले की मावळातल्या शेतांवर पोपटांचे थवे उतरतात आणि शेतकरी डबे वाजवत बांधावर फिरतो. त्या थव्यातला एकही पक्षी गप्प नसतो. चरताना, उडताना, झाडावर टेकताना त्यांचे बोलणे चालूच असते. त्यातला मोठा भाग म्हणजे एकमेकांचा ठावठिकाणा घेणे: मी इथे आहे, तू कुठे? थव्यापासून तुटलेला पोपट ससाण्याच्या तोंडी जातो, म्हणून उत्तर मिळाले नाही तर तो आवाज चढवतो. कार्ल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेनेझुएलातल्या छोट्या रानपोपटांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की तिथले आईबाप घरट्यातल्या प्रत्येक पिल्लाला वेगळी हाक शिकवतात, आपण मुलांना नाव देतो तशी.

पिंजऱ्यातल्या एकट्या पक्ष्याचा थवा म्हणजे तुम्ही. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की त्याच्या दृष्टीने थवा उडून गेला.

आणखी एक. पोपटवर्गातले पक्षी सर्वांत जास्त बोलतात ते उजाडताना आणि दिवस मावळताना, म्हणजे नेमके आपल्या फजर आणि मगरिबच्या सुमारास. अनेक घरांत ‘नमाजला उभे राहिले की हा मुद्दाम ओरडतो’ असे म्हणतात, कोणी नजर लागली म्हणतात, कोणी सैतानाचे नाव घेतात. तसे काही नाही. रानातही ती वेळ थव्याने झाडावर जमण्याची असते. ही दहा-पंधरा मिनिटांची किलबिल पूर्ण बंद करता येणार नाही आणि करूही नये. बंद करायचे आहे ते दिवसभराचे, माणूस खोलीबाहेर गेला की सुरू होणारे किंचाळणे.

बी.एड.ला आम्हाला बी. एफ. स्किनर यांचे साधक अभिसंधान शिकवले होते. परीक्षेपुरते पाठ केलेले ते प्रकरण वर्गात रोज उपयोगी पडते आणि स्किनर यांचे बरेचसे प्रयोग उंदरांवर आणि कबुतरांवरच झालेले आहेत. म्हणणे साधे आहे. ज्या वागण्यानंतर काही मिळते, ते वागणे वाढते. वर्गात ‘मॅडम, मॅडम’ करून बाक वाजवणाऱ्या मुलाकडे प्रत्येक वेळी वळून ‘गप्प बस’ म्हटले तर तो गप्प बसत नाही, कारण मॅडमनी वळून पाहावे एवढेच त्याला हवे असते. पक्ष्याचेही तेच. तो किंचाळतो, आपण धावत येतो, ‘चूप!’ म्हणून ओरडतो. रागाचे शब्द त्याला कळत नाहीत. थव्याने मोठ्या आवाजात उत्तर दिले, एवढेच त्याला कळते. मग तोही मोठ्या आवाजात आनंदाने सामील होतो.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी हे मी जवळून पाहिले. लोणावळ्याचे कुटुंब, वडील बाजारात चिक्कीच्या दुकानात कामाला, आई शिवणकाम करते, घरात दादी आणि चाचाही. कॉकटील मुलीसाठी आणलेला. उन्हाळ्यात तो गॅलरीत असायचा, खाली रिक्षा, माणसे, चिमण्या. जूनमध्ये पाऊस लागला. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. गॅलरीत ताडपत्री लागली, पिंजरा आतल्या खोलीच्या कोपऱ्यात गेला, समोर ओले कपडे. त्यात पावसाळा हाच आमच्याकडे पर्यटकांचा हंगाम. शनिवार-रविवार भुशी धरणाकडे गाड्यांची रांग लागली की वडील रात्री उशिरापर्यंत दुकानात, आईही मदतीला, मुलगी पलीकडच्या खालाकडे. घरात फक्त दादी आणि पक्षी. सोमवारी मुलगी शाळेत पेंगत यायची, म्हणून मी विचारले.

चाचांचे मत होते की पाऊस थांबला की टायगर पॉइंटला नेऊन त्याला आझाद करावे, सवाब मिळेल. हे आपल्याकडे पुष्कळ जण बोलतात. पण हा पक्षी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेला. दाणा कुठे मिळतो, घार कशी झडप घालते, हे त्याला कोणी शिकवलेले नाही. त्याला डोंगरावर सोडणे म्हणजे दोन-चार दिवसांत उपाशी मरायला किंवा कावळ्यांच्या तोंडी देणे. पक्षी पाळण्याविषयी आपल्याकडे दोन हदीस नेहमी सांगितल्या जातात आणि त्या एकत्रच सांगायला हव्यात. एक, पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी हजरत अनस (रजि.) यांच्या छोट्या भावाला, अबू उमैरला, त्याच्या इवल्याशा पाखराविषयी प्रेमाने विचारले ती. पाखरू मेले होते आणि पोर खट्टू झाले होते. मुलाने पक्षी पाळायला हरकत नाही, हे विद्वानांनी त्यावरूनच घेतले. शाफई पंथाच्या इब्नुल कास यांनी तर या एका छोट्या हदीसमधून साठ मुद्दे काढले. आणि दुसरी, मांजर कोंडून ठेवणाऱ्या, तिला ना खायला देणाऱ्या ना सोडणाऱ्या बाईची. कोंडले की जबाबदारी आली. आपल्याला नकोसा झाला म्हणून ती डोंगरावर सोडून येता येत नाही.

मी त्या घरात पहिल्यांदा विचारले ते एवढेच की, तो किंचाळला की कोण काय करते. आई म्हणाली, मी ओरडते. चाचा पिंजऱ्यावर चादर टाकत. दादी काही बोलल्या नाहीत. मुलीनेच हळूच सांगितले, दादी बिस्किट देतात. दादींचे म्हणणे, ‘बेचारा एकटा आहे, भुकेला असेल.’ रोज नव्हे, अधूनमधून. आणि हेच सर्वांत चिवट असते. दर वेळी मिळणारे बक्षीस बंद झाले की प्राणी लवकर नाद सोडतो, पण कधी मिळते कधी नाही, असे असेल तर तो शंभर वेळा प्रयत्न करतो. लॉटरीचे तिकीट घेणाऱ्या माणसासारखे.

आता सासूबाईंना सुनेने काय सांगायचे? घरात तंटा व्हायचा. म्हणून दादींना ‘देऊ नका’ असे कोणी म्हटले नाही. त्यांच्याकडे काम सोपवले. तो पक्षी मधूनच एक हलकी, दोन सुरांची शिट्टी मारायचा. ठरले असे की ही शिट्टी ऐकली की दादींनी असतील तिथून लगेच ‘हां बेटा’ म्हणायचे आणि जमेल तेव्हा उठून राळ्याचा एखादा दाणा द्यायचा. किंचाळला तर घरातल्या कोणीही काही बोलायचे नाही, पाहायचे नाही, खोलीत असतील तर बाहेर जायचे. तो थांबला की मनात तीन मोजून परत यायचे. पुढे पाच, मग दहा. चादर बंद. दिवसा अचानक अंधार झाला की पक्षी घाबरतो, शिकत काही नाही. चादर फक्त रात्री, झोपेसाठी, कारण त्याला दहा-बारा तास शांत अंधार लागतो. (रमजानमध्ये सहरीचे दिवे लागतात तेव्हा पिंजरा दुसऱ्या खोलीत ठेवा.)

मुलीने वहीत रोजच्या खुणा करायला सुरुवात केली. पाचव्या दिवशी आईचा फोन आला, ‘मॅडम, हा तर आधीपेक्षा जास्त ओरडतोय.’ हे होणारच होते. जुनी युक्ती चालेनाशी झाली की ती सोडण्याआधी पक्षी सगळा जोर लावून पाहतो. बहुतेक घरे नेमकी इथे हार मानतात आणि त्याला पक्के शिकवतात की अजून मोठ्याने ओरडले तर चालते. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे, दोन आठवडे सांभाळून घ्या. एवढ्यावर ठाण्यापर्यंत जाणाऱ्या कितीतरी गोष्टी दारातच मिटतील.

नुसते दुर्लक्ष करणे मात्र पुरत नाही, ते क्रूरपणाचेच होईल. त्याला काम हवे. पिंजरा कोपऱ्यातून काढून जिथे दादी बसतात त्या खोलीत आणला, एक बाजू भिंतीला लागून, म्हणजे त्याला पाठीमागून भीती नाही. स्वयंपाकघरात मात्र कधीच नाही. नॉनस्टिकचा तवा जास्त तापला तर त्यातून निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. वाटीतले दाणे कमी करून थोडे कागदाच्या पुड्यांत बांधून टांगले, ते फोडण्यात त्याची सकाळ जाऊ लागली. मक्याचे कणीस, कोथिंबिरीची जुडी, शेवग्याचा पाला. सकाळी फजरनंतर थोडा वेळ पिंजऱ्याबाहेर, पंखा बंद, खिडक्या बंद. आणि मगरिबच्या जरा आधी ताजी भाजी, म्हणजे नमाजच्या वेळी चोच गुंतलेली. बिस्किट बंद झाले नाही, ते दादींच्या चहापुरते राहिले.

तिसऱ्या आठवड्यात वहीतल्या खुणा निम्म्यावर आल्या. मग पाहुणे आले, मुलांनी पिंजऱ्याभोवती गोंधळ घातला, किंचाळल्यावर टाळ्या वाजवल्या आणि चार दिवस मागचेच पाढे. पुन्हा सुरू केले, या वेळी लवकर जमले. आजही ढगाळ संध्याकाळी तो ओरडतोच. चाचा अजून कुरकुर करतात.

ज्या घरातली सगळी माणसे सकाळी आठला बाहेर पडतात आणि रात्री आठला येतात, त्यांनी एकटा कॉकटील आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणलाच असेल तर माणसांच्या घरात देऊन टाकण्यात कमीपणा नाही. आणि नेहमी बडबडणारा पक्षी अचानक गप्प झाला, पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसू लागला किंवा शांत पक्षी एकाएकी किंचाळू लागला, तर हे सगळे उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे. पक्षी आजार लपवतात. दिसू लागतो तेव्हा वेळ थोडाच उरलेला असतो.

दिवाळीच्या सुटीत ते कुटुंब आठवडाभर गावी जाणार आहे. पक्षी शेजारच्या काकूंकडे राहील, पावसाळ्यात त्यांनीच आधी तक्रार केली होती. मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर त्यांच्यासाठी लिहून ठेवले आहे की शिट्टीला ‘हां बेटा’ म्हणायचे. काकू म्हणाल्या, ‘मी आपलं हो बाळा म्हणेन, चालेल ना त्याला?’