वाचकाच्या दारापर्यंत जाणारा लेख



काही वर्षांपूर्वी आमच्या हातून एक चूक घडली. दहावी उत्तीर्ण झालेल्या गरजू विद्यार्थ्यांसाठी एक शिष्यवृत्ती जाहीर झाली होती. त्या वृत्तास आम्ही ‘शिक्षण समितीची सभा उत्साहात संपन्न’ असा मथळा दिला. प्रारंभी प्रार्थना, मग स्वागत, मग व्यासपीठावरील सात-आठ मान्यवरांची नावे. आणि अर्ज स्वीकारण्याची अंतिम तारीख अगदी शेवटच्या परिच्छेदात. मुदत उलटून चार दिवस झाल्यावर एक माता अर्ज घेऊन आमच्याकडे आली. ते वृत्त तिच्या नजरेखालून गेले होते. परंतु सभेच्या बातमीत आपल्या उपयोगाचे काय असणार, असे समजून तिने ते वाचले नव्हते. मुदत वाढवून मिळाली नाही. त्या वृत्तात एकही शब्द असत्य नव्हता. मात्र ते ज्यांच्यासाठी लिहावयास हवे होते, त्यांच्यासाठी ते लिहिले गेले नव्हते.

आपल्या धर्मग्रामांतून आमच्याकडे येणारे बरेचसे लेखन आजही याच वळणाचे असते. लेखकाला काय सांगावयाचे आहे हे त्यात भरपूर असते; वाचकाला काय हवे आहे याचा विचार फारसा झालेला नसतो.

लेखक व पत्रकार यांचे आश्रयदाते संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा अनुभव येथे आठवतो. इ.स. १५९४ मध्ये ते सॅव्हॉयमधील शाब्ले प्रांतात गेले, तेव्हा त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळून एक वर्षही झाले नव्हते. तेथील बहुतेक लोक कॅल्व्हिनपंथी झाले होते. तोनों शहरात त्यांची प्रवचने ऐकण्यास मोजकेच लोक येत. तेव्हा त्यांनी छोटे छोटे लेख लिहून त्यांच्या प्रती लोकांपर्यंत पोहोचविण्यास आरंभ केला. हे कागद ते दाराखालून घरात सरकवीत, असे परंपरा सांगते. लिखित शब्द हाती घेऊन निवांतपणे विचार करता येतो, ही लेखनाची सोय त्यांनी स्वतःच त्या लेखांच्या प्रस्तावनेत नमूद केली आहे. १५९८ पर्यंत शाब्लेतील पुष्कळ लोक कॅथलिक ख्रिस्तसभेत परतले. याचे सारे श्रेय त्या कागदांना देणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. सॅव्हॉयच्या ड्यूकचे राजकीय वजनही त्यामागे होते. तथापि श्रोता येत नसेल तर आपण त्याच्या उंबरठ्यापर्यंत जावे, ही दृष्टी संतांचीच.

त्यांचा १६०९ साली प्रसिद्ध झालेला भक्तिजीवनावरील ग्रंथ तर याहून बोलका आहे. मादाम द शार्मोआझी या संसारी स्त्रीला आध्यात्मिक मार्गदर्शनपर जे लिहून दिले होते, त्यातून तो आकारास आला. संपूर्ण ग्रंथ ‘फिलोथेआ’ नामक एका व्यक्तीला उद्देशून आहे; प्रकरणे लहान, दृष्टांत मधमाश्यांचे व फुलांचे. एका व्यक्तीसाठी लिहिलेले ते पुस्तक चारशे वर्षे असंख्य लोक वाचीत आहेत. सर्वांसाठी म्हणून लिहिलेला लेख बहुधा कोणीच वाचीत नाही, असा आमचा संपादकीय अनुभव आहे.

व्यापारी जगताने हे मर्म केव्हाच ओळखले. फ्रान्समधील मिशलॅं या टायर बनविणाऱ्या कंपनीने १९०० साली मोटारचालकांसाठी एक पुस्तिका विनामूल्य वाटली. नकाशे, टायर बदलण्याची रीत, दुरुस्ती कोठे होईल, मुक्काम कोठे करावा, अशी माहिती तीत होती. लोक प्रवासास निघाले की टायर झिजणारच, हा हिशेब त्यामागे होता. आज याच पद्धतीला ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणतात: आधी उपयोगी पडावे, विक्री मागाहून.

आपल्याला काही विकावयाचे नाही. तरीही उपयोगी पडण्याची ही शिस्त आपण अवश्य घ्यावी. विवाह ठरलेल्या मुलीचा पिता मोबाईलवर शोधतो तो ‘लग्नासाठी चर्चमधून कोणते कागद लागतात’ हे शब्द लिहून. आपण मथळा देतो ‘विवाह संस्काराचे पावित्र्य’. दोघांची गाठ पडणार कशी? मथळ्यात त्याचेच शब्द असावेत. पहिल्या दोन वाक्यांत त्याला उत्तर मिळावे: अलीकडे काढलेला बाप्तिस्म्याचा दाखला, विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गाचे प्रमाणपत्र, चर्चमध्ये होणाऱ्या विवाहघोषणांसाठी किती आधी भेटावे. संस्काराचे पावित्र्य त्यानंतर सांगावे. गरज भागलेला वाचक ते ऐकून घेतो. परिच्छेद आटोपशीर हवेत, कारण हातातील पडद्यावर दहा ओळींचा परिच्छेद भिंतीसारखा उभा राहतो. छायाचित्राखाली व्यक्तींची नावे लिहावीत म्हणजे ती लेखात पुन्हा द्यावी लागत नाहीत. (मान्यवरांच्या नाराजीची जबाबदारी आम्ही घेऊ.)

एका बाबतीत मात्र व्यापाऱ्यांचे अनुकरण नको. ‘हे वाचून तुम्ही थक्क व्हाल’ अशा धाटणीचे मथळे आता चमत्कारांच्या व संतांच्या कथांनाही दिले जात आहेत. मथळ्यात आश्वासन द्यावयाचे आणि आत काहीच नसावयाचे, ही वाचकाची फसवणूक होय. मग वाचकसंख्या कितीही वाढो. असे लेखन आम्ही परत पाठवितो. ऐकीव चमत्काराची शहानिशा न करता पाठविलेला मजकूरही.

यापुढे लेख पाठविताना तो कोणासाठी लिहिला आहे, हे वरच्या बाजूस एका ओळीत नमूद करावे: ‘पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्या आईवडिलांसाठी’, ‘आखातात नोकरीस निघालेल्या तरुणांसाठी’, अशा स्वरूपात. प्रसिद्ध करताना ती ओळ आम्ही काढून टाकू.