लॅपटॉपने राउटरशी अबोला धरला तर?

मिक्सर अडला की आपण प्लग बघतो, भांडं नीट बसलंय का बघतो, खालचं लाल बटण दाबतो. दुरुस्तीवाला त्यानंतर! पण लॅपटॉपला इंटरनेट मिळेना की आपले हात थबकतात. ‘हे आले की बघतील’ म्हणून आपण तो मिटून ठेवतो. इकडे मुलीच्या प्रवेशअर्जाची मुदत संपत आलेली असते, नाही तर बचत गटाचा हिशेब अडलेला असतो. मैत्रिणींनो, या अबोल्याचं कारण पुष्कळदा आपलं आपल्याला सापडतं.

लॅपटॉपच्या पोटात वायरलेस कार्ड नावाची छोटी पट्टी असते. आमच्या जुन्नर तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या, एकेक ४५ मीटर व्यासाची, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. हे कार्डही रेडिओ लहरीच टिपतं. मात्र पलीकडच्या खोलीतल्या राउटरच्या. शिवाय उलट निरोपही धाडतं.

आधी मोबाईलची परीक्षा. मोबाईलचा डेटा बंद करून तो घरच्या वायफायला जोडा. तोही चालेना, तर दोष बहुधा लॅपटॉपचा नाही. राउटरचा प्लग काढा, अर्धा मिनिट थांबून पुन्हा लावा आणि दोन-तीन मिनिटं धीर धरा. वीज जाऊन आल्यावर तर हे कराच. तरीही लाल दिवा राहिला, तर इंटरनेट कंपनीला फोन करा.

लॅपटॉपच अडत असेल तर ‘एअरप्लेन मोड’ चालू नाही ना, ते बघा. कीबोर्डच्या वरच्या ओळीत विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेलं बटण असतं; पुसताना ते दाबलं जातं. काही जुन्या लॅपटॉपना कडेला बारीक खटकाही असतो.

राउटरचा पासवर्ड बदलला, तरी लॅपटॉप जुनाच घोकत बसतो. वायफायच्या यादीत आपल्या नेटवर्कवर उजवं बटण दाबून ‘फरगेट’ निवडा आणि पासवर्ड नव्याने लिहा. इंग्रजी लहान-मोठी अक्षरं अगदी जशीच्या तशी हवीत, बरं का!

राउटरच्या दोन लहरी. पुष्कळ राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरी सोडतात. पहिली लांब पोचते. दुसरी वेगवान, पण भिंतींनी लवकर अडते. बऱ्याच जुन्या कार्डांना ही दुसरी दिसतच नाही. आमच्या राजुरीतल्या एका वहिनींचा लॅपटॉप नवा राउटर आल्यापासून मुका झाला होता. ‘कार्ड गेलं, नवा लॅपटॉप घ्या,’ असा सल्लाही मिळाला. खरं तर राउटरवर फक्त ५ची लहर चालू होती. फोन करून २.४ची सुरू करून घेतली आणि त्याच संध्याकाळी गटाचा हिशेब पुरा झाला.

राउटर लोखंडी कपाटामागे किंवा चालू मायक्रोवेव्हजवळ नको. जाड दगडी भिंतीही लहरी गिळतात.

शेवटचा उपाय. विंडोज असेल, तर ‘स्टार्ट’वर उजवं बटण दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खाली वायरलेस कार्डाच्या नावावर उजवं बटण दाबा, ‘डिसेबल’ करा, मग ‘एनेबल’. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही तिथे नावच दिसत नसेल, तर कार्ड सैल झालेलं किंवा निकामी असू शकतं. तरी लॅपटॉप मोडीत काढायचं कारण नाही. बाहेरून यूएसबीला लावायचा वायफाय अडॅप्टर काहीशे रुपयांत मिळतो.

आणि अर्ज आजच भरायचा असेल तर? अँड्रॉइड मोबाईल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. तेवढ्यापुरता मोबाईलच कार्डाचं काम करतो.

दुरुस्तीवाल्याला बोलवावं लागलंच, तर नुसतं ‘चालत नाही’ म्हणू नका. ‘मोबाईल चालतो, पासवर्ड पुन्हा टाकला, कार्डाचं नाव दिसतं,’ असं सांगा. जी बाई इतकं सांगते, तिच्या गळ्यात नको ती वस्तू सहसा कुणी मारत नाही.