तर्पण : ओतण्याच्या क्रियेला तृप्तीचे नाव

'तर्पण' हा शब्द संस्कृतातील 'तृप्', म्हणजे तृप्त होणे, या धातूच्या प्रयोजक रूपापासून सिद्ध झाला असून त्याचा मूळ अर्थ 'तृप्त करणे' एवढाच आहे. पाणी, दूध, तीळ यांपैकी कशाचाही निर्देश त्यात नाही, ओतण्याच्या क्रियेचाही नाही. देणाऱ्याच्या हातापेक्षा घेणाऱ्याच्या समाधानाकडे पाहून हे नाव पडले आहे, आणि हेच त्याचे वेगळेपण होय.

द्रव अर्पण करण्याच्या इतर शब्दांशी तुलना केली की हे नीट कळते. 'आहुती'च्या मुळाशी 'हु', म्हणजे अग्नीत ओतणे, हा धातू आहे. अवेस्तातील 'झओथ्र' आणि ग्रीकांचे 'खेओ' ही त्याचीच भावंडे, आणि मृतांसाठी भूमीवर ओतायच्या द्रवाला ग्रीक लोक त्याच मुळापासून 'खोए' म्हणत. 'अर्घ्य' आले ते 'अर्घ' म्हणजे मोल या शब्दावरून. पाहुण्याला वा सूर्याला दिलेले ते मानाचे पाणी. मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याजवळून चढणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे इ.स.पू. पहिल्या शतकातला ब्राह्मी लेख आहे. त्यात अश्वमेधासह ज्या यज्ञांची आणि दक्षिणांची जंत्री येते, ते जग या 'हु' धातूचे, अग्नीचे आणि राजवैभवाचे आहे. तर्पणाला अग्नी लागत नाही. ओंजळ आणि वाहते पाणी पुरते.

काळू किंवा भातसा नदीच्या काठी भाद्रपदातील पितृपक्षात होणारा विधी या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. देवांना बोटांच्या अग्रांवरून 1, ऋषींना करंगळीच्या मुळाकडून 2 आणि पितरांना अंगठा व तर्जनी यांमधल्या भागावरून, ज्याला 'पितृतीर्थ' म्हणतात, काळे तीळ घातलेल्या पाण्याच्या 3 ओंजळी द्याव्यात, असा सर्वसाधारण संकेत असून पितरांच्या वेळी जानवे उजव्या खांद्यावर घेतले जाते. नाव आणि गोत्र उच्चारून पाणी सोडले जाते. परंतु विधीचा सर्वांत हृद्य भाग शेवटी येतो. ज्यांच्यामागे पाणी द्यायला कोणी उरले नाही, त्यांच्यासाठी अंगावरचे ओले वस्त्र पिळून त्याचे पाणी जमिनीवर सोडतात. माघ शुद्ध अष्टमीला निपुत्रिक भीष्मासाठी तर्पण केले जाते, त्यामागेही हीच करुणा आहे.

बोलभाषेत मात्र या विधीच्या खुणा अर्थ पालटून उरल्या आहेत. 'तिलांजली देणे' म्हणजे कायमचे सोडून देणे, आणि दानाच्या वेळी हातावरून उदक सोडण्याच्या प्रथेतून आलेले 'पाणी सोडणे' म्हणजे हक्क वा आशा टाकणे. ज्या कृतीत नाते जपायचे होते किंवा स्वखुशीने द्यायचे होते, तिचे नाव गमावण्याला चिकटावे, हे खटकते.

शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यातील ठाकर, कातकरी, वारली आणि महादेव कोळी पाड्यांवर तर्पण हा शब्द सहसा ऐकू येत नाही, पण कृती मात्र अस्सल आढळते. चैत्राच्या सुमारास पहाटे झाडाखाली पडलेली मोहाची गरदार, गोड वासाची फुले वेचून वाळवतात, पाण्यात भिजवून आंबवतात आणि मग भट्टी लावून दारू गाळतात. सणाला, देवाच्या कामाला किंवा मयताच्या दिवसकार्यात ती पिण्यापूर्वी काही थेंब आधी भूमीवर सांडायचे, ते देवांचे आणि पूर्वजांचे. आश्विन वद्य द्वादशीच्या वाघबारशीला वाघोबासमोर नारळ, कोंबडा यांच्या जोडीने दारूची धारही पडते. मनुस्मृतीने पंचमहायज्ञांत तर्पणालाच पितृयज्ञ म्हटले असून तिथेही गृहस्थाचे जेवण सर्वांच्या शेवटी येते. पाड्यावरचा म्हातारा वाटी ओठांना लावण्याआधी ती किंचित कलती करतो, थेंब मातीत जिरेपर्यंत थांबतो आणि मगच पहिला घोट घेतो.